काडेपेटी बाहेर ठेवा

मागच्या अंकात या पानावर माझ्या उत्तरांऐवजी संपादकांनी एक छोटी चौकट छापली होती. ‘सदरलेखिकेचे पती, थुंबा (केरळ) येथील निवृत्त अंतराळ अभियंता, वारकरी, कुटुंबवत्सल, यांचे वयाच्या ८२व्या वर्षी निधन.’ चार शब्दांत माणूस आटोपला. मग पत्रं आली. एरवी या सदराकडे दही तारेसारखं का होतं, तांब्याच्या भांड्याला चिंचच का लावायची, असले प्रश्न येतात. अठ्ठावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं असल्यामुळे त्यांची उत्तरं झोपेतही देता येतात. या वेळी मात्र सगळी पत्रं यांच्याबद्दलच. तेव्हा या महिन्यापुरतं दही विरजणातच राहू दे.

प्रश्न : ‘अंतराळ अभियंता’ आणि ‘वारकरी’ हे शब्द शेजारी शेजारी वाचून गंमत वाटली. रॉकेट बनवणारा माणूस माळ कशी घालतो? उड्डाणाआधी ते नारळ फोडायचे का? – एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नाशिक

नारळाचं आधी सांगते. फोडणारे फोडायचे. रॉकेटची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जायची इस्रोच्या प्रमुखांची पद्धत तर पेपरात फोटोसकट येते. हे त्यावर कधी हसले नाहीत आणि कधी गेलेही नाहीत.

आमच्याकडे सकाळी साडेचारला दिवस सुरू व्हायचा. विहिरीच्या पाण्याने आंघोळ, पूजा, हरिपाठ, मग बस. देवापुढची समई लावली की काडेपेटी सवयीने शर्टाच्या खिशात जायची. आता घन इंधनाच्या आवारात काडेपेटी न्यायला सक्त मनाई. फाटकावर जमा करायची. पहिल्यांदा रखवालदाराने ती हसून काढून घेतली. दुसऱ्यांदा हसला नाही. तिसऱ्यांदा त्याने वहीत नाव लिहिलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर यांनी एका जाड कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘काडेपेटी बाहेर ठेवा’, आणि तो देवघराच्या चौकटीवर चिकटवला. म्हणजे समई लावून झाली की काडेपेटी देवघराबाहेरच्या कोनाड्यात. गावाहून आलेल्या सासूबाईंना वाटलं, हा मलबारातला काही सोवळ्याचा प्रकार असणार. त्यांनी तो गावी नेला आणि पुढे कित्येक वर्षं तिथे पाळला. शेजारणींनाही शिकवला असावा.

रसायनशास्त्राची बाई म्हणून मला त्या फाटकाचं कौतुक होतं. आत काय होतं, तर अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि या दोघांना धरून ठेवणारं रबरासारखं बंधक. एक बंधक तर तिथल्या लोकांनी आपल्या एरंडेलापासून तयार केलं होतं. लहानपणी नाक दाबून प्यालेल्या एरंडेलाचा त्या दिवशी मला पहिल्यांदा अभिमान वाटला. (तुम्ही पावसाच्या अंदाजामुळे ज्यांना ओळखता त्या डॉ. वसंत गोवारीकरांचं थुंब्यातलं काम याच घन इंधनाचं.)

तर माळ. माळ घरातून आली होती. आजोबांनी, वडिलांनी घातली, यांनीही घातली. ती घालून मोजमाप चुकत नाही आणि काढून सुधारतही नाही. एकादशीला कँटीनमध्ये पंचाईत व्हायची. मग यांना शोध लागला की केरळात घरोघरी उकडून खातात तो कप्पा म्हणजे आपल्या साबुदाण्याचा बाप, त्याच कंदापासून साबुदाणा होतो. झालं! तेव्हापासून उपवासाला मीठ-खोबरं लावलेला कप्पा. सासूबाईंना पटलं नाही ते नाहीच.

प्रश्न : ते नेमकं काय काम करत? ‘रॉकेटवर काम’ म्हणजे सामान्य माणसाला काहीच कळत नाही. – एक निवृत्त तलाठी, सोलापूर

यांच्या थोरल्या भावालाही कळत नव्हतं. औसा तालुक्यातला ऊस पिकवणारा माणूस. एकदा सुट्टीत गेलो असताना त्याने बांधावर बसून हाच प्रश्न विचारला. यांनी समोरून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे बोट केलं. त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या. म्हणाले, “दादा, हा ट्रॅक्टर पळता पळताच मागच्या ट्रॉलीची पिन ओढायची. पळणं थांबलं नाही पाहिजे आणि सुटणाऱ्या ट्रॉलीचा पुढच्या ट्रॉलीला धक्का बसला नाही पाहिजे. मी त्या पिनेवर आहे.”

रॉकेट एकावर एक रचलेल्या टप्प्यांचं असतं. खालचा टप्पा जळून रिकामा झाला की तो ओझं. ते ओझं वेळेवर टाकावं लागतं. सांध्यावरच्या छोट्या स्फोटकांनी जोड तोडायचा, सुटलेला टप्पा मागे खेचायचा, मग वरच्याने पेट घ्यायचा. भारताचं पहिलं उपग्रह नेणारं रॉकेट, एसएलव्ही-३, चार टप्प्यांचं होतं. सतरा टनांचा डोलारा, आणि वर न्यायचा उपग्रह पस्तीस किलोंचा. आमचा मुलगा तेव्हा म्हणायचा, बाबा, मी एकटा बसलो तरी चालेल की!

ऑफिसात आयुष्यभर योग्य क्षणी सोडून देण्याचं काम करणाऱ्या या माणसाला घरात काही सोडवत नसे. तुटक्या छत्र्यांच्या काड्या, मिठाईच्या खोक्यांच्या दोऱ्या, बंद पडलेली तीन घड्याळं. मी शेवटी दोऱ्यांचा डबा विकायची धमकी दिली तेव्हा हे गंभीरपणे म्हणाले, “विकू नको, लागतो.” लागला एकदाही नाही.

१० ऑगस्ट १९७९. श्रावणातला शुक्रवार होता. मुलगी तीन आठवड्यांची, तिच्या बारशाला बाप नव्हता, तो श्रीहरिकोट्याला. मी भिंतीवर जिवतीचा कागद लावून दोन्ही पोरांना ओवाळलं आणि रेडिओ लावला. रॉकेट सकाळी आठच्या सुमाराला उडालं होतं आणि काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडलं होतं. हे आठवड्याने परतले. मी आपलं बायका बोलतात तसं बोलले, पांडुरंगाच्या मनात नसेल. ताट पुढे ओढता ओढता हे म्हणाले, “त्याच्या मनातलं मला माहीत नाही. कुठून तरी काही तरी गळालंय, ते शोधायचंय.” पुढे कळलं, ते खरंच गळालं होतं. दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेतलं नायट्रिक आम्ल एका झडपेतून निघून गेलेलं. यांच्या पिनेचा त्यात संबंध नव्हता, तरी महिनाभर घरात मोठ्याने बोलणं नव्हतं.

पुढल्या वर्षी १८ जुलैला, तोही शुक्रवारच, आषाढी चार-पाच दिवसांवर आलेली, रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. हे घरी आले तेव्हा मी साखरेची वाटी घेऊन दारात. म्हटलं, “पांडुरंगानं केलं हो!” हे चप्पल काढता काढता थांबले. “त्याचं नाव हजेरीपटावर नव्हतं. साखर त्या झडपवाल्या पोरांना दे.” आणि देवघरात जाऊन रोजच्याइतकाच वेळ बसले. मला तेव्हा राग आला होता. सुख झालं तरी या माणसाला देवाच्या पदरात घालता येऊ नये?

प्रश्न : चौकटीत किल्लारीचा उल्लेख नव्हता, पण माझ्या वडिलांच्या तोंडून ‘थुंब्याचे काका भूकंपात आले होते’ असं ऐकलं आहे. ते तेच का? – एक शिक्षिका, लातूर

तेच. हे मला लिहायचं होतंच. तुम्ही विचारलंत, बरं झालं.

१९९३ची गोष्ट. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. शाडूची मूर्ती हे स्वतः करायचे. त्या वर्षी पीएसएलव्ही या नव्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणासाठी जायचं म्हणून घाईत केली, सोंड जराशी वाकडी झाली. चतुर्थी १९ सप्टेंबरला, उड्डाण २० तारखेला सकाळी. म्हणजे विसर्जनाचा आणि उड्डाणाचा दिवस एकच.

दुपारी बातम्यांत ऐकलं. दुसरा टप्पा सुटताना रॉकेटला धक्का बसला होता. ते सावरता सावरता संगणकाच्या प्रोग्राममधली एक चूक भरीला आली आणि उपग्रहासकट सगळं समुद्रात. सुटताना धक्का. म्हणजे तीच पिन. मुलगी चौदा वर्षांची होती. अंगणातल्या बादलीपुढे मूर्ती हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, आज ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायचं का?” आम्ही म्हटलं. हळू आवाजात म्हटलं. ते पाणी नारळाच्या आळ्यात ओतलं.

हे परत आले ते जेवेनात. पूजा चालू, हरिपाठ चालू, जेवण नाही. मी शाळेत गेले की घरात नुसते कागद पसरून बसायचे. एका कागदावर ‘मी काय तपासलं नाही?’ एवढीच ओळ होती आणि खाली सगळं पान कोरं.

३० तारखेची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेलेली. चार वाजायच्या आत किल्लारीला भूकंप झाला, आम्हाला कळायला उजाडलं. यांचं गाव तिथून फार लांब नाही. फोन लागेना. हे दुपारच्या गाडीने निघाले, खांद्याला एक शबनम, तिच्यात धोतर, टॉर्च, मोजपट्टी. मोजपट्टी कशाला, मी विचारलंही नाही.

दोन दिवसांनी पोचले. थोरला भाऊ वाचला होता, शेतात झोपला होता म्हणून. चुलत्याच्या घरातले चौघे गेले. ते माळवदाचं घर तुमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर मातीचं जड छत, उन्हाळ्यात गार. यांनी पहिले सहा दिवस इतरांबरोबर नुसतं उपसलं. सातव्या दिवसापासून मोजायला लागले. कुठली भिंत आत पडली, कुठली बाहेर. कुठे लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला आणि फक्त भिंती ढासळल्या. जाड भिंत म्हणजे मजबूत, असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ती एक भिंत नव्हतीच. बाहेरचा दगडांचा एक पडदा, आतला एक, मधे गोटे आणि चिखल, आणि दोन्ही पडद्यांना बांधणारा आरपार दगड कुठेच नाही. हादरा बसल्यावर दोन पडदे दोन दिशांना गेले आणि छत खाली आलं.

एका संध्याकाळी पत्र्याच्या शेडपुढे माणसं बसली होती. बाहेरून आलेले कुणी बुवा सांगत होते, पाप फार झालं, देवाचा कोप झाला. हे माळ घातलेले, लोकांना वाटलं माना डोलावतील. हे उठून उभे राहिले. भावाने मला पुढे शब्दन् शब्द सांगितलं. “महाराज, माझ्या चुलतीनं कुणाचं वाईट केलं नव्हतं. देवाचं नाव इथं घेऊ नका, भिंतीचं घ्या. भिंतीत दगड आडवा घातला नाही तो आपण घातला नाही. देवावर ढकललंत तर पुढची भिंत पण अशीच बांधाल.” बुवा निघून गेले. कुणी काही बोललं नाही. मग यांनीच टाळ मागितले आणि त्याच शेडपुढे हरिपाठ म्हटला. भाऊ म्हणतो, आवाज एकदाही कापला नाही, फक्त चुलत्याच्या घराकडे पाठ करून बसला होता.

तीन आठवड्यांनी परत आले. दारात पाय धुताना म्हणाले, “भूक लागलीय.” जेवता जेवता एकच वाक्य बोलले, “आमचं जे पडलं त्याखाली कुणी झोपलेलं नव्हतं.” दुसऱ्या दिवशी तो कोरा कागद घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत तो भरला होता.

पीएसएलव्ही १५ ऑक्टोबर १९९४ला गेलं, व्यवस्थित. मुलगी म्हणाली, ‘लवकर’ नाही आलं पण आलं. त्याच जातीच्या रॉकेटवर पुढे २००८ला चांद्रयान आणि २०१३ला मंगळयान गेलं, तोवर हे पुण्यात मंडईतून पिशव्या आणत होते.

प्रश्न : प्रत्येक मृत्युलेखात पुरुष ‘कुटुंबवत्सल’ असतोच. खरं सांगा, होते का? – एक गृहिणी, कल्याण

तुमचं पत्र वाचून मी मोठ्याने हसले, या घरात बऱ्याच दिवसांनी. खरं सांगते. पहिली पंचवीस वर्षं घरात होते त्यापेक्षा नव्हते जास्त. मुलाच्या गोवरात नव्हते, बारशाला नव्हते, माझ्या ऑपरेशनला दुसऱ्या दिवशी आले. मी भांडले. खूप भांडले. श्रीहरिकोट्याहून रोज पोस्टकार्ड यायचं, हे खरं, पण कामाबद्दल अक्षर लिहायचं नाही म्हणून त्यात काय असायचं? ‘पुलिकतच्या तळ्यात रोहित पक्षी आले आहेत. दही चांगलं नाही. बिट्टूला पाढे विचार.’ अशी दोन ट्रंका भरून कार्डं आहेत. रोहित पक्ष्यांची एवढी सविस्तर नोंद पक्षितज्ज्ञांकडेही नसेल.

घरात असले की मात्र पुरते असायचे. दूध उतू गेलं तरी चौकशी समिती बसायची. मुलगा अध्यक्ष, मुलगी सचिव, मी आरोपी. निष्कर्ष नेहमी एकच : यंत्रणेत दोष, व्यक्तीचा नाही. भांडी घासायची शिक्षा यंत्रणेलाच, म्हणजे यांना.

पण कुटुंबवत्सल म्हणायचं तर ते मी सासूबाईंच्या शेवटच्या सहा वर्षांसाठी म्हणेन. निवृत्त होऊन पुण्याला आलो आणि त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी वार, मग नातवंडं, शेवटी हे. पोटच्या मुलाला ओळखेनात. सगळं यांनी केलं, आंघोळ, लुगडं नेसवणं, रात्रीचं उठणं. मला हात लावू दिला नाही असं नाही, पण पहिली पाळी यांची. संध्याकाळी हे त्यांच्यापुढे चहा घेऊन बसले की रोज हेच :

“पाव्हणं, कोण गावचं?”

हे गावाचं नाव सांगायचे.

“आगं बया! आमचं पोरगं बी तिथलंच. लई लांब हाय नोकरीला. समुद्रापाशी.”

“बरं आहे का ते?”

“कारड धाडतंय.”

“येत नाही का?”

“यील की. काम आसंल त्येला.”

सहा वर्षं, रोज. एकदाही यांनी ‘आई, मीच तो’ म्हटलं नाही. मी एकदा म्हटलं, सांगून तरी बघा. तर म्हणाले, “तिचं बरं चाललंय. तिचा मुलगा तिला कार्ड पाठवतोय.” आणि कप विसळायला उठले.

प्रश्न : थुंब्याला खरोखर चर्चमध्ये रॉकेटचं काम चालायचं का? – एक वाचक, वेंगुर्ला

हो. मेरी मॅग्डलीनचं चर्च. चुंबकीय विषुववृत्त जवळून जातं म्हणून ती किनारपट्टी हवी होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी गावकऱ्यांना विचारून जागा दिली. २१ नोव्हेंबर १९६३ला पहिलं रॉकेट तिथून उडालं, तेव्हा चर्च हेच ऑफिस होतं. आता तिथे संग्रहालय आहे. पाहुण्यांना दाखवायला नेलं की हे दारात चप्पल काढायचे. तिथला माणूस सांगायचा, सर, गरज नाही. हे म्हणायचे, असू दे.

प्रश्न : मुलाला इस्रोत जायचं आहे. एखादं व्रत किंवा नवस सुचवाल का? – एक पालक, जालना

गणित. त्रिवेंद्रमला अंतराळ विज्ञानाची स्वतंत्र संस्था २००७पासून आहे, पदवीला जेईई ॲडव्हान्स्डमधून प्रवेश मिळतो. नवस करायचाच असेल तर अभ्यासाच्या वेळी घरातला टीव्ही बंद ठेवण्याचा तुम्ही करा.

प्रश्न : आता तुमचे दिवस कसे जातात? – बऱ्याच जणी, बऱ्याच गावांहून

जातात. पहाटे साडेचारला जाग येते, उठायचं कारण नसतं, तरी उठते. समई लावते. हरिपाठ मला सगळा पाठ नाही. इतकी वर्षं पलीकडच्या खोलीतून ऐकल्यामुळे चाल येते आणि शब्द मधेच अडतात. तिथे नुसती चाल म्हणते.

यांची एक डायरी सापडली, घरकामाची. शेवटच्या पानावर एकच काम न खोडलेलं राहिलंय : ‘गॅसची नळी – ५ वर्षं पूर्ण, बदलणे.’ ओट्याखाली वाकून बघितलं, तर नारिंगी नळीवर मार्करने तारीख घातलेली, यांच्या अक्षरात. तारीख उलटून दोन महिने झाले. मुलगा म्हणाला, आई, अजून चालेल गं. मी एजन्सीला फोन केला. बुधवारी दहा ते बाराच्या मधे माणूस येणार आहे. तो आला की काडेपेटी मी बाहेर कोनाड्यात ठेवीन.